स्पेस स्टेशन १३ : खिडकीमागच्या माणसाचं काम (हेड ऑफ पर्सोनेल खेळणाऱ्यांसाठी धागा)

रातकिडा (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर स्पेस स्टेशन १३ चं नाव निघालं तेव्हा तीनचार जणांनी "मीही खेळतो" असं लिहिलं होतं. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. या खेळात मी गेली सहा वर्षं बहुतेक वेळा एकच काम घेतो, हेड ऑफ पर्सोनेलचं. त्याबद्दल मराठीत कुणाशी मनसोक्त बोलायला अजून मिळालेलं नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. २००३ मध्ये बायॉन्ड या प्लॅटफॉर्मवर सुरू झालेला हा खेळ आहे. चित्रं अगदी साधी, वरून दिसणारी, चौकोनी फरश्यांची. नॅनोट्रेसन नावाच्या कंपनीचं अंतराळ स्थानक आणि त्यावर काम करणारी माणसं. प्रत्येक माणूस म्हणजे कुठेतरी बसलेला खराखुरा खेळाडू. कुणी डॉक्टर, कुणी आचारी, कुणी झाडूवाला, कुणी इंजिनिअर. एक शिफ्ट साधारण तासदीड तासाची. यातले एकदोन जण गुपचूप गद्दार असतात आणि ते कोण हे बाकीच्यांना माहीत नसतं. खेळाचा कोड खुला असल्यामुळे टीजी, गून, पॅराडाइज असे वेगवेगळे अवतार झालेत आणि प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे निराळे आहेत. स्पेस स्टेशन १४ हा तोच खेळ मुळापासून नव्याने लिहिलेला. तो स्टीमवर फुकट मिळतो.

हेड ऑफ पर्सोनेलला खेळाडू 'हॉप' म्हणतात. मराठीत मी आस्थापना प्रमुख म्हणेन. माझी आई निवृत्त होईपर्यंत आस्थापना शाखेत होती, त्यामुळे 'मानव संसाधन' यापेक्षा हाच शब्द मला जवळचा वाटतो. हॉपचं ऑफिस म्हणजे एक खिडकी, तिला वरून खाली येणारं शटर, आत आयडी कार्डाचं मशीन, कोऱ्या कार्डांचा डबा, एक रबरी शिक्का आणि इयन नावाचा कॉर्गी कुत्रा. बार, स्वयंपाकघर, बाग, झाडूवाला, ग्रंथालय, प्रार्थनागृह, वकील, अगदी विदूषकसुद्धा त्याच्या हाताखाली. बऱ्याच ठिकाणी पूर्वी मालगोदामही त्याच्याकडेच होतं.

लोक हे काम टाळतात. कारकुनी वाटतं. बाहेर आगी लागताहेत, स्फोट होताहेत आणि आपण खिडकीत बसून कार्डं बदलायची, यात मजा काय, असं विचारतात. मला उलट वाटतं. स्थानकावरचं प्रत्येक दार माणसाचं कार्ड वाचून उघडतं. औषधांचं कपाट, इंजिनाची खोली, बॉम्बची प्रयोगशाळा, सगळं. म्हणजे कार्डावर जो लिहितो तो ठरवतो की आज कोण कुठे पोचणार. बाकी सगळ्यांकडे हत्यारं असतात, हॉपकडे एक प्रश्न असतो: कशासाठी?

एक शिफ्ट सांगतो. युरोपातला सर्व्हर, आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेलेला. शिफ्ट सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली आणि दिवे मंद व्हायला लागले. रेडिओवर सगळे इंजिनिअरिंगच्या नावाने ओरडत होते, पण त्या दिवशी इंजिनिअरिंगमध्ये कुणी आलंच नव्हतं. चीफ इंजिनिअरही नाही. तेवढ्यात करड्या कपड्यांतला एक असिस्टंट, म्हणजे ठरावीक काम नसलेला कर्मचारी, खिडकीशी आला आणि म्हणाला, मला इंजिनिअर करा. असे एका शिफ्टमध्ये सातआठ येतात आणि त्यातल्या निम्म्यांना फक्त विजेपासून वाचवणारे पिवळे हातमोजे हवे असतात. मी विचारलं, "आत गेल्यावर पहिलं काय करशील?" तो म्हणाला, "मोठ्या इंजिनाला हात लावणार नाही, ते मला जमत नाही. सूट घालून बाहेर जाईन, सोलर पॅनेलना वायर जोडेन, कॉम्प्युटरवर ट्रॅकिंग ऑटोवर टाकेन, मग एसएमईएसचं (वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटरीचं) इनपुट वाढवेन."

मला पटलं ते त्याचं "जमत नाही". थाप मारायला आलेला माणूस आपल्याला काय येत नाही ते सहसा सांगत नाही. मी त्याचं कार्ड मशीनमध्ये घातलं, इंजिनिअर केलं आणि कार्ड त्याच्या हातात देण्याआधी सगळ्यांच्या रेडिओवर त्याचं नाव घेऊन सांगितलं की हा आता इंजिनिअर आहे, सोलरवर जातोय, परवानगी माझी. दहाबारा मिनिटांनी माझ्या डोक्यावरचा दिवा पुन्हा लख्ख झाला. रेडिओवर त्याचे दोनच शब्द आले: "सोलर्स अप." त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

आता दुसरी शिफ्ट. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये आधी आपलं स्वतःचं कार्ड घालावं लागतं, मग समोरच्याचं. बारमध्ये मारामारी झाली म्हणून मी रांग सोडून धावलो आणि माझं कार्ड मशीनमध्येच राहिलं. परत आलो तर खिडकीची काच फुटलेली, कार्ड गायब आणि माझंच दार मला उघडेना. ज्याने कार्ड नेलं त्याने स्वतःसाठी हवी ती दारं लिहून घेतली. पुढे टॉक्सिन्समध्ये (म्हणजे त्याच बॉम्बच्या प्रयोगशाळेत) तयार केलेला बॉम्ब दवाखान्यात फुटला. तिथे काम करणारे सगळे गेले. ते नव्याने खेळायला लागलेले दोघेतिघे होते, एकमेकांना शिकवत होते. त्यांचं खूप वाईट वाटलं. त्या दिवसापासून खुर्चीतून उठण्याआधी कार्ड बाहेर काढायचं हे हाताला लागलेलं वळण आहे.

माझं मुख्य म्हणणं 'नाही' म्हणण्याबद्दल आहे. बारावीनंतर एका दाखल्यासाठी मी एका कचेरीच्या खिडकीवर सहा फेऱ्या मारल्या होत्या. दर फेरीला एक नवा कागद कमी निघायचा. सगळे कागद पहिल्याच दिवशी एकदम सांगितले असते तर दोन फेऱ्यांत काम झालं असतं. खिडकीच्या बाहेर उभं राहून जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. म्हणून माझ्या खिडकीवरून कुणी नुसता "उद्या या" ऐकून जात नाही. बाग उघडून देणार नाही, पण बागेत माळी आहे, मी त्याला आत्ता रेडिओवर सांगतो, तू दाराशी जा. संशोधन विभागाचं दार देणार नाही, पण तिथल्या प्रमुखाची सही आण, मी त्याच क्षणी करतो. नाही म्हटल्यावर माणसाला पुढचं पाऊल सांगायचं. हे पाळलं की रांगेतला चिडचिडेपणा अर्ध्याहून कमी होतो, हे मी इतक्या शिफ्टमध्ये पाहिलंय.

तुम्ही कसं ठरवता? विशेषतः विभागप्रमुख हजर नसताना?

---

सातारकर

चांगला धागा. मी बहुतेक सिक्युरिटीत असतो, वॉर्डन म्हणजे कोठडीचा रखवालदार म्हणून, त्यामुळे तुमच्या खिडकीतून निघालेल्या प्रत्येक कार्डाचं पुढे काय होतं ते मला बघावं लागतं. म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

त्या असिस्टंटच्या बाबतीत तुमचा अंदाज बरोबर निघाला. पण मुरलेला गद्दार त्याच्याहून छान उत्तरं देतो. तुमच्यासारखे हॉप काय विचारतात हे त्याला पाठ असतं. शिवाय एजंट कार्ड नावाची गोष्ट आहे. गद्दाराला ते गुप्तपणे मागवता येतं. त्यावर नाव, हुद्दा हवा तो लिहिता येतो आणि दुसऱ्याच्या कार्डाला टेकवलं की त्याची दारं आपल्या कार्डावर उतरतात. तेव्हा समोर आलेलं कार्ड हा पुरावा धरू नका. आधी हजेरीपटात नाव बघा. तिथे नाव नसेल तर कार्डावर काहीही लिहिलेलं असो, आधी आम्हाला हाक मारा.

विभागप्रमुख नसेल तर माझं मत बदली करूच नये असं आहे. दिवे गेले तर गेले. स्थानकाची यंत्रं सांभाळणारा एआय असतो (तोही एक खेळाडूच), तो दार उघडून देऊ शकतो आणि तो माणूस आत काय करतोय हे कॅमेऱ्यातून बघूही शकतो. कार्डावर एकदा लिहिलेलं दार परत कोण काढून घेतं? माझ्या आठवणीत कुणी नाही.

---

रातकिडा

सातारकर, हजेरीपटाचं एकशे एक टक्के मान्य. ते मी लिहायला हवं होतं. दुसरी सवयही सांगतो, अंगावरच्या कपड्यांकडे आणि चेहऱ्याकडे बघायचं. तोंडावर मुखवटा असेल तर काढायला लावायचा, काढला नाही तर रांगेबाहेर.

एआयचं पटलं नाही. चांगला एआय असला तर ठीक, पण त्याच वेळी चाळीस जण त्याला "दार उघड" म्हणून ओरडत असतात. आणि दिवे गेले तर गेले असं म्हणता येत नाही, कारण वीज गेली की हवाही जाते, दवाखान्यातली यंत्रं बंद पडतात.

परत काढून घेण्याबद्दल मात्र तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सहा वर्षांत काम झाल्यावर आपणहून "हे दार आता काढा" म्हणत खिडकीशी परत आलेली माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन. म्हणून मी कागद ठेवतो. खेळात कागद, पेन, शिक्का सगळं आहे, नामंजूरचा वेगळा शिक्काही आहे. नाव, कोणतं दार, कशासाठी, किती वेळ, एवढंच लिहून टेबलावर. वेळ झाली की मीच त्याला रेडिओवर विचारतो. कधी त्याच्याकडे चालत जातो. हॉपने अधूनमधून खिडकी बंद करून फेरी मारायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. आचाऱ्याला भाज्या मिळताहेत का, झाडूवाल्याकडे पाणी आहे का, बारमध्ये कोण रडतंय, हे खिडकीतून दिसत नाही.

---

अबोली

मी हॉप फक्त इयनसाठी खेळते, असं म्हणाले तर चालेल का? 🙂

जे टीजीवर खेळतात त्यांना कदाचित ठाऊक असेल, पण नसेल त्यांच्यासाठी सांगते. इयनचं वय सर्व्हर लक्षात ठेवतो. शिफ्ट संपेपर्यंत तो जिवंत राहिला की वय एकाने वाढतं. मेला की पुढच्या शिफ्टला हॉपच्या ऑफिसात पिल्लू दिसतं. आणि त्या सर्व्हरवरच्या सगळ्यात मोठ्या वयाची बरोबरी केली की तो म्हातारा दिसायला लागतो. म्हणजे आज माझ्यासमोर बसलेला म्हातारा इयन गेल्या कितीतरी शिफ्टमध्ये कितीतरी हॉपनी जपलेला असतो. त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. आमची गाठ कधी पडणार नाही. तरी आम्ही सगळ्यांनी मिळून एक कुत्रा म्हातारा केलेला असतो.

आमच्या घरी चौदा वर्षांचा कुत्रा होता, तो गेल्यावर काही महिने मी हा खेळ उघडला नव्हता. परत आले त्या पहिल्या शिफ्टला हॉप घेतलं आणि खुर्चीशेजारी म्हातारा इयन. त्या दिवशी मी एकही कार्ड बदललं नाही. सॉरी, पण नाही बदललं. त्याच्या डोक्यावर टोपी घातली आणि त्याला बरोबर घेऊन स्थानकभर फिरले. शेवटी सगळ्यांना घेऊन जाणारं शटल बोलावल्यावर कंट्रोल दाबून त्याच्यावर क्लिक केलं आणि ओढत नेलं. वाटेत हवा गळत होती, दोन दारं बंद पडलेली. एका खाणकामगाराने जॅकहॅमरने भिंत फोडून आम्हाला वाट करून दिली. कशासाठी ते त्याने विचारलंसुद्धा नाही. इयनकडे बघितलं आणि फोडली.

---

धूमकेतू

अबोली, फार सुंदर लिहिलंयत.

मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूने लिहितो. मी नेहमी असिस्टंट असतो. लोकांना वाटतं असिस्टंट म्हणजे टूलबॉक्स घेऊन दारं फोडणारी टोळी. तसे असतात, पण आमच्यातल्या काहींना काम नेमून दिलेलं नको असतं, स्वतः शोधायचं असतं.

एकदा मी रांगेत उभा राहून हॉपला म्हणालो, मला चहाची टपरी टाकायची आहे. माझा नंबर येईपर्यंत मागचे दोघे वैतागून निघून गेले होते. मला वाटलं हाकलून देईल. त्याने विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, शटलच्या वाटेवर जो मोठा बोळ आहे तिथे. "पाणी कुठून आणशील?" स्वयंपाकघरातून. "मग तुला फक्त स्वयंपाकघराचं दार लागेल, बारचं नाही." त्याने तेवढंच एक दार दिलं आणि कार्डावर हुद्दा लिहिला 'टी व्हेंडर'. हॉपला कार्डावर आपल्या मनाचा हुद्दा लिहिता येतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पुढची चाळीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात छान शिफ्ट. बागेतल्या माळ्याने टी ॲस्पेराची झाडं लावली, मी पानं ग्राइंडरमध्ये दळली, गरम पाण्यात पावडर. बोळातून जाणारा प्रत्येक माणूस थांबायला लागला. सिक्युरिटीचे दोघे, एक जखमी शास्त्रज्ञ, विदूषक. कोण गद्दार होता देवाला माहीत, पण चहा घेताना कुणी कुणाला मारलं नाही. दूध आधी की नंतर यावर एक ब्रिटिश खेळाडू माझ्याशी दहा मिनिटं बोलत होता. शेवटी हॉपसुद्धा आला, इयनला घेऊन. काही न बोलता उभा राहून चहा प्यायला आणि गेला.

त्याने "असलं काही नसतं" असं म्हटलं असतं तर त्याचं काहीच बिघडलं नसतं. नियमात टपरी कुठेच नाही.

---

सातारकर

धूमकेतू, हे वाचून बरं वाटलं. यात मला काही आक्षेप नाही. का नाही तेही सांगतो, त्या हॉपने एकच दार दिलं. तो बारचंही देऊ शकला असता, खूश करायला. "तुला फक्त हेच लागेल" हे म्हणायला त्याने आधी तुमचं काम समजून घेतलं. मला हॉपकडून एवढंच हवं असतं. गेल्या काही वर्षांत टीजीवर साध्या करड्या कार्डात वाटेल तेवढी दारं मावतच नाहीत, मर्यादा घातली आहे. मला तो बदल फार आवडला. त्याआधी लोक 'ऑल ॲक्सेस द्या' म्हणत आणि कंटाळलेले हॉप देऊन टाकत. मग चोर कोण आणि घरचा कोण, आम्ही ओळखायचं कसं?

---

मृगजळ

अजून कुणी क्रांतीच्या शिफ्टबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माहीत नसलेल्यांसाठी: या प्रकारात क्रांतीचे पुढारी डोळे दिपवणारा फ्लॅश वापरून एकेका कर्मचाऱ्याला आपल्या बाजूला ओढतात आणि सगळ्या विभागप्रमुखांना संपवलं की जिंकतात. कप्तानाच्या आणि सिक्युरिटीच्या डोक्यात अशी फितवणी होऊ न देणारी रोधक चिप असते, हातात बंदूक असते. हॉप विभागप्रमुख आहे, पण त्याच्या अंगावर तसं काही नसतं. आणि तो कुठे सापडेल हे प्रत्येकाला ठाऊक असतं: खिडकीत. म्हणून त्याचा नंबर लवकर लागतो.

माझी ती शिफ्ट अशी की रांगेतले लोक अचानक गप्प झाले. एरवी रांग म्हणजे कलकलाट. मी शटरचं बटण दाबलं तेव्हा पहिला टूलबॉक्स काचेवर आदळला. मागच्या दाराने मेंटेनन्सच्या बोळात पळाले. तिथे झाडूवाला उभा. तो कुणाच्या बाजूचा हे मला कळायला मार्ग नव्हता. मी थांबले. त्याने एक कपाट उघडलं आणि लिहिलं, "आत." मग समोर ओली फरशी केली, पिवळी पाटी ठेवली आणि पुसत उभा राहिला. माझ्या मागून आलेले तिघे त्या फरशीवर घसरले. त्यांनी त्याला विचारलं तर त्याने दुसऱ्या दिशेला बोट दाखवलं.

शिफ्ट संपल्यावर सगळ्यांना मोकळेपणाने बोलता येतं तेव्हा मी विचारलं, का वाचवलंस? तो म्हणाला, सुरुवातीला तू माझ्या खोलीत येऊन विचारलंस की बादली आहे ना, साबण आहे ना. मी दोन वर्षं झाडूवाला खेळतोय, हॉपने येऊन विचारलेलं हे पहिल्यांदा.

रातकिडा, तुम्ही फेरीबद्दल लिहिलंय ते वाचून हे आठवलं.

---

पाणकोंबडा

नमस्कार सगळ्यांना, वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. मी स्पेस स्टेशन १४ दोन महिने खेळतोय. हॉप घ्यायची फार इच्छा आहे पण तीन अडचणी आहेत. एक, सर्व्हर म्हणतो आधी इतर कामांत ठरावीक तास भरा. दोन, माझं इंग्लिश टायपिंग हळू आहे आणि रांगेतले लोक थांबत नाहीत. तीन, कप्तान नसेल तर हॉपला कप्तान व्हावं लागतं म्हणे. त्याची भीती वाटते. जाणकारांनी सांगावं.

---

रातकिडा

पाणकोंबडा, स्वागत! बरं केलंत लिहिलंत.

तासांची अट मला बरोबर वाटते. ते तास स्वयंपाकघरात, बागेत, झाडूवाला म्हणून भरा. उद्या हीच माणसं तुमच्या हाताखाली असणार. आचाऱ्याला कुठलं दार का लागतं हे स्वतः आचारी झाल्याशिवाय कळत नाही. मधूनमधून मालगोदामातही जा.

टायपिंगचं म्हणाल तर माझंही हळूच होतं. मी चार वाक्यं तयार ठेवली होती. "नाव आणि कारण सांगा." "तुमच्या प्रमुखांना विचारतो, थांबा." "हे देता येणार नाही, पण असं करा." "झालं, कार्ड तपासून घ्या." ऐंशी टक्के काम एवढ्यात होतं. रोमन लिपीत, छोट्या वाक्यांत, स्पेलिंग चुकलं तरी चालतं, समोरचाही बऱ्याचदा पोलंड नाहीतर ब्राझीलमधून टाइप करत असतो. आणि सगळ्यांना ऐकू जाणारा रेडिओ कमी वापरा. १३ मध्ये वाक्याआधी अर्धविराम टाकला की सगळ्या स्थानकाला ऐकू जातं. तेरामध्ये खेळलात तर कोलन (:) आणि व्ही म्हणजे फक्त तुमचा सेवा विभाग, कोलन आणि सी म्हणजे फक्त विभागप्रमुख. विभागप्रमुखाची परवानगी तिथेच मागायची, म्हणजे रांगेतल्या माणसाला नकार सगळ्यांसमोर ऐकावा लागत नाही.

वेळेचंही बघा. अमेरिकी सर्व्हरवर संध्याकाळची गर्दी असते तेव्हा आपल्याकडे पहाट असते. युरोपातली रात्रीची आठची शिफ्ट हिवाळ्यात आपल्याकडे साडेबाराला. पहिल्यांदा हॉप घेताना गर्दी नसलेली वेळ निवडा. वीस माणसांची शिफ्ट असेल तर प्रत्येकाशी नीट बोलता येतं. आणखी एक, १३ मध्ये मशीनवरून हॉपला नोकऱ्यांच्या जागा वाढवता आणि कमी करता येतात. बागेत एकच माळी असेल आणि आचारी तक्रार करत असेल तर कुणाला तरी दार लिहून देण्याआधी माळ्याची एक जागा वाढवून बघा. उशिरा येणारा एखादा खेळाडू ती घेतो आणि तुमची अडचण कार्ड न बदलता सुटते. हे फार कमी हॉप करतात.

कप्तानाचं सातारकर चांगलं सांगतील.

---

सातारकर

घाबरण्यासारखं नाही. बहुतेक सर्व्हरवर कप्तान नसेल तर पहिला मान हॉपचा. तुम्ही तेव्हा 'कार्यवाहक कप्तान' असता, खरेखुरे कप्तान नाही, हे विसरू नका. दोनच गोष्टी सांभाळायच्या. अणुबॉम्बची चकती कायम स्वतःजवळ, बॅगेत. ती मिळवायला शत्रूची तुकडी येते. आणि शटल कधी बोलवायचं ते. बाकी प्रत्येक विभागाला त्याचा प्रमुख आहे, त्याच्या कामात हात घालू नका. मी पाहिलेले जे हॉप कप्तान झाल्यावर फसले ते सगळे खिडकी सोडून बंदूक घेऊन फिरायला लागलेले. खरा कप्तान मागाहून आला की चकती आणि कार्ड त्याच्या हातात द्या, नमस्कार करा आणि खिडकीत जाऊन बसा.

---

अबोली

आणि चकतीबरोबर इयनलाही न्या.

---

मृगजळ

पाणकोंबडा, एक माझंही. पहिल्या शिफ्टला तुमच्याकडून चुकीच्या माणसाला दार जाईल. सगळ्यांचं होतं. तसं झालं तर लपवू नका. विभागप्रमुखांच्या रेडिओवर लगेच सांगा, अमक्याला मी हे दार दिलं, मला आता शंका आहे. सिक्युरिटीला दोन मिनिटं आधी कळलं तर माणसं वाचतात.

---

पाणकोंबडा

तीन आठवड्यांनी परत आलोय. तास भरले, काल रात्री पहिल्यांदा हॉप घेतलं. सगळ्यांचे मनापासून आभार. रातकिडांची चार वाक्यं कागदावर लिहून मॉनिटरखाली चिकटवली होती.

पंचवीसेक माणसं होती. पहिले दहा मिनिटं हात थरथरत होते. एकाने ऑल ॲक्सेस मागितला, मी कारण विचारलं, तो निघून गेला. एका मुलीला, म्हणजे तिचं पात्र सरड्याचं होतं, रसायनशाळेत काम हवं होतं. मी वैद्यकीय प्रमुखांना विचारलं, ते नको म्हणाले. मी तिला सांगितलं की दवाखान्यात माणसं कमी आहेत, तिथे मदतनीस हो, प्रमुखांना काम दाखव, मग मीच परत विचारतो. तिने ते केलं. अर्ध्या तासाने प्रमुखांनी स्वतः रेडिओवर सांगितलं की हिला रसायनशाळेचं दार द्या.

बागेत कुणीच नव्हतं. जागा उघडलेली होती पण कुणी घेतली नाही. आचारी आला, म्हणाला गहू नाही तर पाव नाही. मी हजेरीपट बघितला, मुखवटा नव्हता, बागेचं दार लिहून दिलं, कागदावर नोंद केली, वेळ लिहिली. नंतर एकदा खिडकी बंद करून बघून आलो, खरंच गहू लावला होता. मला एक पावाचा तुकडा दिला.

नंतर जे व्हायचं ते झालंच, कुणीतरी माल खात्याची भिंत उडवली, शटल बोलावलं गेलं. सगळे पळत होते. मी अबोलीताईंच्या सांगण्याप्रमाणे इयनला धरलं आणि निघणार इतक्यात खिडकीवर टकटक. आचारी उभा. मागे धूर. त्याने कार्ड खिडकीतून आत सरकवलं आणि लिहिलं, "बागेचं काम झालं. ते दार काढून टाका."

मी मशीनमध्ये कार्ड घातलं, दार काढलं, परत दिलं. मग आम्ही तिघं शटलकडे पळालो.

---

रातकिडा

कार्ड मशीनमधून काढलंत ना, स्वतःचं?

---

पाणकोंबडा

काढलं. उठण्याआधी.